तक्तेसाहेबांचा जनरल पर्पज मायक्रोकंट्रोलर

तक्तेसाहेबांनी आयुष्यात एकही वस्तू तीन कोटेशनं घेतल्याशिवाय विकत घेतलेली नव्हती. बायकोच्या बाबतीत मात्र हा नियम पाळायचा राहून गेला, असं ते लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा गमतीत बोलून गेले होते. त्यानंतर घरात आठ दिवस जी शांतता नांदली ती अनुभवल्यावर त्यांनी तो विषय कायमचा बंद केला.

'तक्ते' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात ते बावीस वर्षं होते. कापूस घ्यायचा असो, स्ट्रेचर असो नाही तर फरशी पुसायचे पोछे असोत, ते आधी तुलनात्मक तक्ता करायचे. डावीकडे निकष, वर तीन पुरवठादार, तळाशी शिफारस आणि शिफारशीखाली सही. या तक्त्यांवरून ऑफिसनं त्यांना हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की वडीलसुद्धा रागावले की त्यांना "या, तक्तेसाहेब" म्हणायचे.

तर अशा माणसावर एके दिवशी मायक्रोकंट्रोलर निवडायची वेळ आली. मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी दचकू नये. नखाएवढा एक काळा चौकोन असतो, त्याला दोन्ही बाजूंनी पाय फुटलेले असतात, आणि 'अमुक झालं की तमुक कर' असं त्याला एकदा शिकवून ठेवलं की तो ते निमूटपणे जन्मभर करत राहतो. घरातल्या बाकी कुणाबद्दल असं म्हणता येत नाही, म्हणून तक्तेसाहेबांना या वस्तूविषयी पहिल्यापासून आदर होता. तरुणपणी त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. तो फ्रेम करून बेडरूमच्या भिंतीवर लावला होता आणि त्याचा आजवर एकच उपयोग झाला होता. त्याच्यामागे भिंतीला आलेली ओल झाकली जायची.

आता मूळ भानगड सांगतो. तक्तेसाहेबांचे वडील, म्हणजे बाबा, मुलगा-सून कामावर गेली की दुपारी घरी एकटे असत. त्यांचा एकच मित्र उरला होता, तो म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारे घड्याळजी. घड्याळजींनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि दुकान बंद केल्या दिवसापासून मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. "लोकांची वेळ खूप सांभाळली, आता मला कोणी वेळ विचारू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ते बुद्धिबळाला यायचे ते तीन ते सहाच्या मध्ये केव्हाही. आले की दोनदा बेल वाजवायचे. तिसऱ्यांदा कधीच नाही. तिसऱ्यांदा वाजवणं म्हणजे भीक मागणं, असं त्यांचं मत होतं.

आणि बाबांचे कान गेले होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाबांना मान्य नव्हतं. "मला सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात," असं ते म्हणायचे. कानाचं मशीन कपाटाच्या खणात पडून होतं, कारण ते लावलं की डोक्यात कुकर शिट्टी देतो अशी त्यांची तक्रार होती. त्यातून दुपारी मोठ्यानं पेपर वाचायची त्यांना सवय. घड्याळजी एका दुपारी आले, दोनदा बेल वाजवली, तर आतून महागाईवरचा अग्रलेख खणखणीत आवाजात ऐकू येत होता आणि दार काही उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवसापासून घड्याळजी यायचे बंद झाले.

डाव अर्धा राहिला होता. घड्याळजींचं म्हणणं, तीन चालींत हरणार म्हणून तो दार उघडत नाही. बाबांचं म्हणणं, तीन चालींत हरणार म्हणून तो येत नाही. पट खिडकीपाशी स्टुलावर तसाच मांडलेला होता, त्यावर ताटं झाकायची जाळी ठेवलेली होती, आणि धूळ पुसायलासुद्धा तिथे कोणी हात लावायचा नाही अशी बाबांची ताकीद होती. संध्याकाळी तक्तेसाहेब घरी आले की बाबा विचारायचे, "तो भेटला का रे वाटेत?" आणि नाही म्हटलं की, "नसेल. मला काय करायचंय," असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसायचे. हे रोज ऐकून तक्तेसाहेबांचा जीव तुटायचा.

"किल्ली देऊन टाका त्यांना एक," बायको म्हणाली. किल्ली देऊन झाली होती. दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावून आत शिरायचं आपलं वय राहिलं नाही असं सांगून घड्याळजींनी ती परत पाठवली होती. दार उघडं ठेवून पाहिलं होतं. तेव्हा व्हॅक्युम क्लीनर विकणारा एक माणूस आत आला, बाबा त्याच्या प्रत्येक वाक्याला हसून "हो हो" म्हणत राहिले, आणि त्यानं प्रात्यक्षिक दाखवता दाखवता पटावरचं एक काळं प्यादं यंत्राच्या पोटात घातलं. तेव्हापासून पटावर त्या प्याद्याच्या घरात बाबांच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीचं काळं बटण उभं होतं. बाबांनी ते स्वतःच तोडून ठेवलं होतं.

"मग बेल वाजली की दिवा लागतो असं तयार यंत्र मिळतं ना बाजारात," बायको म्हणाली.

तक्तेसाहेब दुखावले. ज्या माणसाच्या भिंतीवर डिप्लोमा आहे त्यानं तयार बेल आणायची? "मी बनवतो," ते म्हणाले. "पंधरा दिवस दे मला."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. एका बेलला आणि एका दिव्याला कुठलाही मायक्रोकंट्रोलर चालला असता. किंबहुना मायक्रोकंट्रोलर नसता तरी चाललं असतं, पण हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तर आवडलं नसतं. खरेदी विभागाचा माणूस आजच्या गरजेपुरतं कधी विचारच करत नाही. त्यांनी मनाशी हिशेब मांडला की आज बेल आहे, उद्या पाण्याची टाकी असेल, परवा गॅसची गळती. दर वेळी नवा मायक्रोकंट्रोलर कुठे निवडत बसायचं? एकदाच असा घ्यावा की सगळ्याला चालेल. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'जनरल पर्पज'. झालं, तिथून घरात हा शब्द राहायलाच आला.

पुढच्या शनिवारी ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून छोट्या पुड्यांत स्क्रू भरत होता.

"मायक्रोकंट्रोलर दाखवा," तक्तेसाहेब म्हणाले.

"करायचं काय आहे?"

तक्तेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी कॉलेजची चार मुलं उभी होती आणि त्यांच्यातलं एक कुणीतरी उडत्या यंत्राबद्दल बोलत होतं. त्यांच्यासमोर 'दारावरची बेल' म्हणायला जीभ रेटेना. "जनरल पर्पज," ते म्हणाले.

"ते झालं हो. पण करायचं काय आहे?"

"तुम्ही तीन प्रकार दाखवा, कोटेशन द्या. तुलना मी करतो."

दुकानदारानं चष्मा खाली घेऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग तीन बोर्ड काउंटरवर ठेवले. पहिला जुना, आठ बिटांचा, पाच व्होल्टवर चालणारा, हातातून पडला तरी काही न होणारा. दुसरा नवा, बत्तीस बिटांचा, वेगवान, पण सव्वातीन व्होल्टच्या वर गेलात की प्राण सोडणारा. तिसरा वायफायवाला. तिघांचे गुण सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा तेच विचारलं आणि तक्तेसाहेब तिन्ही कोटेशनं खिशात घालून तडक बाहेर पडले.

एकदा बातमी जिन्यात गेली की सल्ल्याला तोटा नसतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना पूलवाले म्हणायची. त्यांनी तक्तेसाहेबांना जिन्यातच अडवलं. "किती पाय लागणार तुम्हाला?"

"दोन. एक बेलला, एक दिव्याला."

"मग सहाचा घ्या. पुलावरून दहा टनांची गाडी जाणार असली तर आम्ही तीस टनांचा बांधतो. तिप्पट. नेहमी तिप्पट धरायचं."

"सगळ्यात लहानाला सुद्धा वीसेक पाय आहेत."

"मग साठचा घ्या," पूलवाले म्हणाले आणि पिशवी सावरत वर गेले.

मेहुणा सॉफ्टवेअरमध्ये होता. तो रविवारी जेवायला आला आणि भात कालवता कालवता म्हणाला, "भावजी, वायफायवालाच घ्या. बेल वाजली की तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल. ऑफिसात बसल्या बसल्या कळेल कोण आलंय ते."

"मला कळून काय उपयोग?"

"तुम्ही लगेच घरी फोन करायचा, बाबांना सांगायचं दार उघडा."

"फोन बाबांना ऐकू येत नाही."

मेहुण्यानं थोडा विचार केला. "मग फोन आला की दिवा लागेल असं काहीतरी करा. त्यालासुद्धा हाच बोर्ड चालेल." बायको ताक वाढत होती, ती हसू लपवायला स्वयंपाकघरात गेली. तक्तेसाहेबांना ते हसू दिसलं आणि पुढे कित्येक दिवस दिसत राहिलं.

आणि शेवटी बाबा. त्यांना कानाशी जाऊन, मोठ्यानं, अगदी थोडक्यात सांगितलं की एक यंत्र घेतोय, लहान घेऊ की मोठं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "वाढत्या अंगाचं घे," ते म्हणाले. तक्तेसाहेबांचा शाळेचा प्रत्येक सदरा याच तत्त्वावर घेतलेला होता आणि त्यातला एकही त्यांना कधी नीट बसला नव्हता. तो अंगाला बसेपर्यंत फाटायचा. पण वडिलांचा शब्द मोडायची सवय नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं, 'पुढे वाढवण्याची सोय', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

एकेका मायक्रोकंट्रोलरची माहितीपुस्तिका असते. तक्तेसाहेबांना कागद हातात घेतल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही, म्हणून त्यांनी झेरॉक्सवाल्याकडे छापायला दिली. झेरॉक्सवाल्यानं मशीनचा आकडा पाहिला आणि विचारलं, "साहेब, कोर्टाची केस आहे का काही?" सहाशे चाळीस पानं निघाली. त्यानं दोन खंड बांधून दिले, वर निळं प्लास्टिक लावून. पहिला खंड तक्तेसाहेबांनी महिनाभर वाचला. दुसरा खंड बाबांनी खुर्चीपुढे पाय टेकायला घेतला. उंची अगदी बरोबर बसली, मग त्यांच्याकडून तो काढून घेववेना.

तक्ता तयार झाला तेव्हा अडीच महिने गेले होते. एकतीस निकष होते. वेग, मेमरी, पाय, वीज, उष्णता, दुरुस्ती, वाढत्या अंगाची सोय. खरं सांगायचं तर तसा देखणा तक्ता तक्तेसाहेबांनी ऑफिसातसुद्धा कधी केला नव्हता. त्यांनी तो दोनदा नव्यानं उतरवून काढला. शिफारस वायफायवाल्याची झाली, पण त्याचाही मोठा भाऊ, ज्याला पाय जास्त. दुकानात तो नव्हता. तो मागवावा लागणार होता, कुरियरनं.

"पंधरा दिवस म्हणाला होतात," बायको म्हणाली.

"प्रक्रिया असते त्याला," तक्तेसाहेब म्हणाले.

आता कुरियर कुठे येतो? घरी. कधी येतो? दुपारी. आल्यावर काय करतो? बेल वाजवतो. ही गोष्ट एकतीस निकषांमध्ये कुठेही आलेली नव्हती. पहिल्या दिवशी दाराला चिठ्ठी लटकलेली होती, 'घर बंद'. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी एक. तिसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की पार्सल ऑफिसात ठेवलं आहे, येऊन न्यावं. तक्तेसाहेबांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि रांगेत उभे राहिले. खिडकीत एक बाई होत्या, त्यांच्यापुढे छापील फॉर्मांचा गठ्ठा होता.

"घर बंद होतं," बाई म्हणाल्या.

"बंद नव्हतं. वडील घरात होते."

"मग दार का नाही उघडलं?"

"त्यांना बेल ऐकू येत नाही."

"मग बेल बदला की."

"तीच बदलायचं सामान तुमच्याकडे अडकलंय," तक्तेसाहेब म्हणाले. आपला आवाज चढतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो लगेच खाली आणला, कारण खिडकीच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाचं दुःख त्यांना ठाऊक होतं.

बाईंनी फॉर्म फिरवून दाखवला. पार्सल न पोचण्याची चार कारणं होती. घर बंद, पत्ता चुकीचा, घेण्यास नकार, घेणारा मयत. "यातलं कुठलं लिहू सांगा. घर बंद तुम्ही नाही म्हणताय."

"पाचवं काही नाही का?"

"पाचव्याला रकाना नाही. चौथं लिहिलं तर दाखला लागेल." बाईंनी पेन टेकवलं. "असं करा, वडिलांचं लिहून आणा की त्या वेळी ते घरी होते आणि बेल ऐकू आली नाही. सहीनिशी."

एरवी तक्तेसाहेबांनी त्या फॉर्मचं मनोमन कौतुक केलं असतं. घरी येऊन त्यांनी बाबांपुढे कागद धरला. बाबांनी तो वाचला, परत दिला आणि स्वच्छ नकार दिला. बेल वाजली असती तर ऐकू आली असती. ऐकू आली नाही, म्हणजे वाजलीच नाही. खोटं लिहून द्यायला ते काही हातात कटोरा घेऊन बसलेले नव्हते. मग त्यांनी स्वतःच एक कागद घेतला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं की आपण तिन्ही दिवस घरी होतो, कुठलीही बेल वाजलेली नाही, आणि कुरियरचा माणूस दारापर्यंत न येताच चिठ्ठ्या अडकवून जात असावा, याची चौकशी व्हावी. तक्तेसाहेब ऑफिसच्या घाईत होते. त्यांनी कागदावर खाली सही आहे एवढंच पाहिलं आणि खिडकीत नेऊन दिला.

चौकशी लागली. पार्सल पुरावा म्हणून सील झालं. कुरियरवाल्याला नोटीस गेली. पुढे तीन आठवडे तक्तेसाहेब त्या ऑफिसात इतक्यांदा गेले की खिडकीवरच्या बाई त्यांना मुलीसाठी स्थळ माहीत आहे का विचारू लागल्या. शेवटी एका रविवारी सकाळी कुरियरवाला स्वतः पार्सल घेऊन आला. दार तक्तेसाहेबांनीच उघडलं. "काका, माझं काय चुकलं ते सांगा," तो म्हणाला. "मी दर वेळी पाच-पाच मिनिटं बेल वाजवली. आतून कोणीतरी पेपर वाचत होतं." तक्तेसाहेबांनी त्याला आत बसवलं, चहा दिला आणि तक्रार मागे घेतल्याचं पत्र जागेवर लिहून दिलं. लाज वाटली त्यांना.

त्याच दिवशी ते कामाला लागले. खरं म्हणजे तार जोडायला आणि 'बेल दाबली की दिवा लाव' एवढं त्या काळ्या चौकोनाला शिकवायला संध्याकाळपर्यंतचा वेळ पुरला. बाबांच्या खुर्चीसमोर एक पिवळा दिवा बसवला. बायकोनं बाहेरून बटण दाबलं, दिवा लागला. तक्तेसाहेबांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी घड्याळजींना निरोप पाठवला, 'एकदा येऊन बघाच.'

सोमवारी दिवा सव्वाअकराला लागला. बाबा उठले, दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं. पाच मिनिटांनी पुन्हा लागला. मग कळलं, म्हणजे रात्री उशिरा कळलं, की लिफ्ट हलली की दिवा लागत होता, वरच्या मजल्यावर मिक्सर फिरला की लागत होता, आणि पूलवाल्यांनी पंखा सुरू केला तरी लागत होता. दुपारपर्यंत बाबांनी अठरा वेळा दार उघडलं. गुडघे धरले. "हा पोराचा दिवा वेडा आहे," त्यांनी मनाशी ठरवलं, खुर्ची उचलून दिव्याकडे पाठ केली आणि मोठ्यानं पेपर वाचायला घेतला.

आणि नेमके त्याच दुपारी घड्याळजी आले. निरोपाचा मान ठेवून आले. दाराच्या वरच्या जाळीतून त्यांना दिवा लकलकताना दिसत होता. दोनदा बेल वाजवली, दोन्ही वेळा दिवा लागला. आतून अग्रलेख चालू होता. म्हणजे पूर्वी निदान ऐकू आलं नसेल असं समजायला जागा होती, आता तीही उरली नाही. घड्याळजी जिना उतरताना पूलवाल्यांना एवढंच म्हणाले, "यांनी मला हाकलायला यंत्र बसवलंय."

तक्तेसाहेबांना हे संध्याकाळी कळलं. ते जेवले नाहीत. त्यांनी बाबांच्या पायाखालचा दुसरा खंड मागून घेतला. पान पाचशे बाराच्या तळाशी, बारीक अक्षरात, चौकटीत लिहिलं होतं की बटणाचा पाय मोकळा लोंबकळत ठेवू नये, त्याला एका रेझिस्टरनं बांधून घ्यावं, नाहीतर तो हवेतलं काहीही ऐकतो. गव्हाच्या दाण्याएवढी ती वस्तू. दुसऱ्या दिवशी आणली, लावली. दिवा शहाणा झाला. लिफ्ट हलली तरी लागेना, मिक्सर फिरला तरी लागेना. आता यंत्रात काही दोष उरला नव्हता. फक्त बेल वाजवायला कोणी येत नव्हतं.

असे आणखी आठ-दहा दिवस गेले. एका संध्याकाळी बाबांनी "भेटला का वाटेत" हे विचारलं नाही. जाळी उचलली, घोड्यावरची धूळ फुंकली, जाळी परत ठेवली. आणि न विचारल्याचं तक्तेसाहेबांना विचारण्यापेक्षा जास्त लागलं. शनिवारी ते तक्ता आणि दोन्ही खंड काखोटीला मारून घड्याळजींच्या घरी गेले.

घड्याळजींच्या खोलीत भिंतभर घड्याळं होती आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. त्यांनी बसा म्हटलं नाही, पण खुर्चीवरची हत्यारांची पेटी उचलली. तक्तेसाहेबांनी तक्ता उलगडला. पहिल्या निकषापासून सुरुवात केली. आठ बिट, बत्तीस बिट, वायफाय, पूलवाल्यांचं तिप्पट, फॉर्मची चार कारणं, मोकळा लोंबकळणारा पाय. बोलायला लागले ते थांबेचनात. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

"रेघा सरळ आहेत," ते म्हणाले. "पण करायचं काय होतं?"

हा प्रश्न तक्तेसाहेबांना चार महिन्यांत चौथ्यांदा विचारला जात होता. त्यांनी तोंड उघडलं, 'जनरल' इतकं ओठांवर आलं, आणि एकदम त्यांना सगळ्याचा कंटाळा आला.

"तुम्ही दाराशी आलात की बाबांना कळलं पाहिजे," ते म्हणाले. "एवढंच करायचं होतं, काका. त्यांना बेल ऐकू येत नाही. नाटक नाही ते, खरंच येत नाही. पटाला हात लावू देत नाहीत कुणाला. रोज वाट बघतात तुमची."

"मी शह म्हटलेलं बरं ऐकू येतं त्याला. दहा वर्षं येतंय."

"ओठ बघून कळतं त्यांना. तुमचेच कळतात. आमचे कळत नाहीत."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं आणि बराच वेळ ते फडक्यानं पुसत बसले. मग "चहा घेणार?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते पेटी घेऊन हजर झाले. तक्तेसाहेबांशी बोलले नाहीत, बाबांशीही नाही. त्यांनी दाराला टपालासाठी असलेल्या फटीतून मेण लावलेली एक बारीक दोरी आत घेतली, भिंतीवर जुन्या घड्याळांची तीन पितळी चाकं ठोकली, त्यांवरून दोरी खिडकीपर्यंत आणली. घड्याळजी ज्यावर चढले होते ते दुसरं स्टूल बाबा धरून उभे होते. दोरीचं टोक घेऊन घड्याळजींनी खोलीभर पाहिलं, मग बाबांचा उजवा हात धरला आणि बटण नसलेल्या बाहीच्या काजातून टोक ओवून सैल गाठ मारली. बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

बाही दोनदा ओढली गेली.

बाबांनी बाहीकडे पाहिलं. मग हात मागे घेऊन त्यांनीही दोनदा ओढली. दाराबाहेर घड्याळजी हसल्याचा आवाज आला. तो अर्थात बाबांना ऐकू आला नाही, पण तेही हसत होते. अर्ध्या तासात काम झालं होतं. उरलेली सकाळ दोघं पटावर बसले. तीन चालींत कोणीच हरलं नाही. डाव पुढे दोन दिवस चालला.

पूलवाले येऊन दोरी बघून गेले आणि तिप्पट जाडीची हवी होती म्हणाले. मेहुण्यानं फोनवर सांगितलं की ही ॲपला जोडता येईल. तक्तेसाहेबांनी बोर्ड काढून खणात ठेवला, कानाच्या मशीनशेजारी. मग टेबलाशी बसून तक्ता समोर घेतला. ते स्वतः हट्टी असतील, पण त्यांच्या तक्त्यावर बावीस वर्षांत कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला. वर लिहिलं, 'दोरी'. वीज, लागत नाही. उष्णता, नाही. मेमरी, दोन म्हाताऱ्यांची. उलट उत्तर देण्याची सोय, फक्त हिच्यात. पुढे वाढवण्याची सोय, पाशी ते थोडे अडले. मग लिहिलं, 'बरीच दोरी उरली आहे'. शिफारशीतलं जुनं नाव खोडून नवं लिहिलं आणि खाली तारीख घालून सही केली. सही करताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, असं बायको सांगते.

सोमवारी ऑफिसातून ते जरा लवकर आले. किल्ली खिशात होती. दाराच्या फटीतून दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं, त्याला घड्याळजींनी एक छोटी पितळी कडी बांधलेली होती. तक्तेसाहेबांनी जिन्यात कोणी नाही असं पाहून घेतलं आणि कडी दोनदा ओढली. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या बोटांत दोरी दोनदा हलली. ते तसेच उभे राहिले. बाबांशी धड बोलणं होऊन किती वर्षं झाली होती, कानाशी ओरडण्यापलीकडे.

दार उघडलं. बाबांच्या हातात काळा उंट होता आणि चेहऱ्यावर आलेलं हसू तक्तेसाहेबांना पाहून अर्ध्यात थांबलं.

"तू होय," ते म्हणाले. "किल्ली विसरलास?"

तक्तेसाहेबांनी मान हलवली.

"दोनदा ओढलंस, मला वाटलं तो आला." बाबा वळून खुर्चीकडे निघाले, दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. "दोन त्याचं आहे. तू एकदा ओढत जा. म्हणजे मला कळेल तू आलास ते."

तक्तेसाहेबांनी बूट काढले, पिशवी ठेवली आणि हात धुवायच्या आधी टेबलापाशी जाऊन तक्त्यात एक ओळ वाढवली. त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या खिशात आहे, पण ती त्यांनी दाराला लावलेली कुणी पाहिलेली नाही.